एका घरात तीन शाळा, तीन घंटा : लहान-मोठ्या मुलांच्या वेळा कशा जुळवायच्या?

बेळगाव : घरात एकच मूल असेल तर घर एका शाळेच्या घंटेवर चालतं. पण दोन-तीन मुलं आणि त्यांच्यात चार-पाच वर्षांचं अंतर असलं की चित्र बदलतं. धाकटा अंगणवाडीत, मधला चौथीत आणि थोरली एसएसएलसीला. संध्याकाळी आठ वाजता एकाला भरवायचं, दुसऱ्याचे पाढे घ्यायचे आणि तिसरीला अभ्यासाला शांतता द्यायची. घर दोन खोल्यांचं. वडील दुसऱ्या पाळीला. अशा वेळी आईच्या तोंडून हमखास एकच वाक्य निघतं, "मी एकटी कुणाकुणाचं बघू?"

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, "आमच्या वेळी सात-सात पोरं व्हायची, कुणी वेळापत्रक केलं होतं?" दुसरं, मोबाईलवर फिरणारं आदर्श टाइमटेबल, ज्यात पहाटे पाचला सगळं घर हसत उठतं. दोन्हींचा उपयोग नाही. सात पोरांच्या घरात काकू, आत्या आणि आजी असायच्या, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असायची आणि सगळ्यांची शाळा बहुधा एकच असायची. आज एका घरातली मुलं वेगवेगळ्या माध्यमांत, वेगवेगळ्या बोर्डांत आणि वेगवेगळ्या वेळेला शिकतात. त्यामुळे प्रत्येक मुलाला सारखा वेळ देऊ गेलं की कुणालाच पुरत नाही. कोणत्या वयाला काय लागतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी लागतं, हे आधी पाहिलं तर वेळ बसवणं बरंच सोपं होतं.

गोंधळाचं मूळ : एक घर, अनेक कॅलेंडर

सीमाभागातल्या कुटुंबांना हा गोंधळ जरा जास्तच भोगावा लागतो, कारण राज्य बदललं की शाळेचं वर्षही बदलतं.

कर्नाटकात राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना साधारण 10 एप्रिलनंतर उन्हाळी सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा उघडतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, विदर्भात आणखी उशिरा. गोव्यात 2025 पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं, मग मेची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. मध्य प्रदेशातही सत्र एप्रिलमध्ये सुरू होऊन मध्ये उन्हाळी सुट्टी येते, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांना हा प्रकार नवा नाही. तेलंगणात शाळा साधारण 12 जूनला उघडतात. सीबीएसईच्या शाळा राज्य कोणतंही असो, एप्रिलपासूनच नवा वर्ग चालू करतात.

मधल्या सुट्ट्यांचंही तसंच. कर्नाटकात आणि तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये दिवाळीची. गोव्यात चतुर्थीचे दिवस सोडून दुसरं काही ठरवताच येत नाही. म्हणून बेळगावचा भाचा दसऱ्याला कोल्हापूरला मामाकडे गेला तर मामाची मुलं शाळेत असतात, आणि मामाची मुलं दिवाळीत बेळगावला आली तर भाच्याची शाळा दोन-चार दिवसांत सुरू होणार असते.

हे सगळं एका घरातही घडू शकतं. थोरली मराठी माध्यमाच्या शाळेत एसएसएलसीला आणि धाकटा सीबीएसईत, अशी घरं शहरात बरीच आहेत. थोरलीची मुख्य परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, आणि नेमकी तेव्हाच धाकट्याची नव्या वर्गाची वह्या-पुस्तकांची खरेदी. कर्नाटकात 2023-24 पासून एसएसएलसी आणि द्वितीय पीयूसीच्या वर्षातून एकाहून जास्त परीक्षा होतात. राहिलेला विषय किंवा कमी पडलेले गुण सुधारायला पुढची संधी मिळते, ही चांगली गोष्ट. पण ती संधी घ्यायची ठरलं तर घरातलं परीक्षेचं वातावरण आणखी काही आठवडे लांबतं, हे धरून चालावं लागतं.

आठवड्याचं चक्र वेगळंच. राज्य शाळांची शनिवारी सकाळची शाळा, सीबीएसईच्या अनेक शाळांना शनिवारी सुट्टी. त्यात गावच्या बाजाराचा दिवस. शहराच्या ज्या भागात अजून रोज पाणी येत नाही तिथं पाण्याचा दिवस. शनिवारी सगळं एकदम अंगावर येतं ते याच कारणानं, आणि मग घरचे एकमेकांवर चिडतात. दोष कुणा एकाचा नसतो.

कोणत्या वयाला काय लागतं?

वेळापत्रक बसवताना पहिला आकडा झोपेचा धरावा. अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये वयानुसार झोपेचे तास सुचवले आणि आज बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारणपणे तेच सांगतात :

- 1 ते 2 वर्षं : दिवसाच्या झोपेसह 11 ते 14 तास
- 3 ते 5 वर्षं : दिवसाच्या झोपेसह 10 ते 13 तास
- 6 ते 12 वर्षं : 9 ते 12 तास
- 13 ते 18 वर्षं : 8 ते 10 तास

हे आकडे उलटे मोजायचे. चौथीतल्या मुलाला साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊला तो झोपलेला हवा. 'झोपायला गेलेला' आणि 'झोपलेला' यात अर्ध्या तासाचा फरक असतो, तोही धरायचा.

पाच वर्षांपर्यंत : या वयाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. जेवण, हातपाय धुणं, गोष्ट, झोप हा क्रम रोज तोच राहिला तर अर्धं काम क्रमच करतो. या मुलांना मोठ्या माणसाचा सलग दीड तास लागत नाही, दहा-दहा मिनिटं अनेकदा लागतात. मोबाईलच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसासोबत.

सहा ते दहा वर्षं : हे मधलं वय घरात सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. धाकट्याला भरवायचं असतं, थोरलीची परीक्षा असते. मधला 'शहाणा' म्हणून सुटतो. त्याला शेजारी बसून वही बघणारं कुणीतरी लागतं. पण किती वेळ? केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटं. रोज रात्री दोन तास वही पुढ्यात ठेवून रडारड होत असेल तर आधी शाळेशी बोलायला हवं.

अकरा ते चौदा वर्षं : सहावी ते आठवीला त्याच धोरणात रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ धरला आहे. या वयाला कामं सांगता येतात आणि ती नीट होतातही, फक्त एकेक सांगावी लागतात. "आवरून ठेव" म्हटलं तर काही होत नाही. "उद्याचं दप्तर भर आणि बाटली धुऊन ठेव" म्हटलं की होतं.

पंधरा ते अठरा वर्षं : वयात येताना शरीराचं घड्याळ पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा तयार होऊ लागतं. त्यामुळे दहावीतली मुलगी साडेदहापर्यंत टक्क जागी असते आणि सकाळी हलवून उठवावी लागते. तो आळस नव्हे. इथंच आपल्या घरातली एक जुनी सवय आडवी येते, ती म्हणजे पहाटे उठून अभ्यास. रात्री साडेअकरापर्यंत जागायचं आणि पुन्हा साडेचारला उठायचं, असं दोन्हीकडून कापलं तर झोप पाच तासांची होते, आणि परीक्षेच्या काळात आठवणीत राहायचं तेच राहत नाही. पहाटेचा अभ्यास करायचा तर रात्री साडेनऊ-दहाला दिवा बंद. रात्रीचा करायचा तर पहाटेचा गजर नको. दोन्हींतलं एकच निवडायचं.

झोपेच्या वेळा पुढं-मागं ठेवा

रात्री सगळ्यांना एकदम झोपवायचा प्रयत्न अनेक घरांत होतो. दिवा एक, खोली एक, म्हणून सगळे दहाला आडवे. त्यात धाकट्याला उशीर होतो, थोरलीचा अभ्यास तुटतो आणि मधला लोळत गोंधळ घालतो.

त्यापेक्षा टप्पे पाडले तर वेळ वाढतो. साडेआठला धाकटा, साडेनऊला मधला, दहा-साडेदहाला थोरली. यात एक फायदा लपलेला आहे. धाकटा झोपला की मधल्याला आई किंवा बाबा एकटे मिळतात. तो झोपला की थोरलीला मिळतात. प्रत्येकाला दिवसातली दहा-पंधरा मिनिटं कुणाशी वाटून न घेता मिळतात, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शाळेत कुणी चिडवलं, गणिताच्या सरांची भीती वाटते, मैत्रिणीशी भांडण झालं, या गोष्टी मुलं जेवणाच्या पंगतीत भावंडांसमोर सांगत नाहीत. अंथरुणावर अंधारात सांगतात.

एकाच खोलीत झोपायचं असेल तर थोरलीच्या अभ्यासाची जागा स्वयंपाकघरात हलवावी. जेवणं लवकर उरकून ओटा आवरला की नऊनंतर ती खोली शांत असते. टीव्ही मात्र साडेआठनंतर बंद, आणि तो आजोबांसकट. हा नियम घरात सर्वांत अवघड असतो, म्हणून मोठ्या माणसांनी मुलांसमोर न बोलता आधी आपापसात ठरवून घ्यावा.

सकाळ रात्रीच सुरू होते

सकाळी सहा ते आठ या दोन तासांत घरातली निम्मी भांडणं होतात. त्यातली बरीच आदल्या रात्री टाळता येतात. गणवेश इस्त्री करून, पायमोजे बुटांत, दप्तर दाराशी, शाळेतून आलेल्या कागदावर सही, रिक्षाचे पैसे पाकिटात. डब्याची भाजी चिरून किंवा निवडून ठेवलेली. सकाळी एकच भाजी आणि एकच कणीक. धाकट्याच्या डब्यात तीच पोळी तूपसाखर लावून गुंडाळी करून गेली तरी चालते. सरकारी आणि अनुदानित शाळांत कर्नाटकात अक्षर दासोह योजनेतून दहावीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. तिथं जाणाऱ्या मुलाला भरभक्कम डबा द्यायची गरज नसते, सकाळचा नाश्ता मात्र चुकवू नये.

मोरीत कुणी आधी जायचं हे वयावरून ठरवू नये, घर सोडायच्या वेळेवरून ठरवावं. ज्याची रिक्षा आधी, त्याची अंघोळ आधी. धाकट्याची अंघोळ संध्याकाळी घातली तर सकाळची वीस मिनिटं सुटतात.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा शिनोळीच्या कारखान्यांत पाळीवर काम असेल तर एका वेळापत्रकानं भागत नाही. अशा घरांनी दोन कागद करावेत, एक पहिल्या पाळीच्या आठवड्याचा आणि एक दुसऱ्या. पहिल्या पाळीला वडील पहाटे बाहेर पडतात, पण दुपारनंतर घरी असतात. त्या आठवड्यात मुलांना आणणं, संध्याकाळचा गृहपाठ आणि धाकट्याचं जेवण त्यांच्याकडे. दुसऱ्या पाळीला ते रात्री मुलं झोपल्यावर येतात, पण सकाळी घरी असतात. त्या आठवड्यात डबे भरणं आणि शाळेला सोडणं त्यांच्याकडे. "मला पाळी असते, मी काय करणार" हे वाक्य चोवीस तासांना लागू होत नाही.

तालुक्यातल्या शेतकरी घरांचं गणित वेगळं. जून-जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते आणि भाताची रोप लावणीही तेव्हाच. सुगीला पुन्हा तेच. या दिवसांत पालक उजाडायच्या आत शेतात जातात आणि सकाळची सगळी मदार थोरल्या मुलावर किंवा आजीवर पडते. वर्षाचे हे पाच-सहा आठवडे आधीपासून माहीत असतात. तेवढ्यापुरतं दोन-तीन घरांनी मिळून एका मोठ्या माणसाला मुलांसाठी मागं ठेवणं, ही शेतकामातली पैऱ्याचीच पद्धत मुलांसाठी वापरता येते.

'ताई आहे ना' : थोरल्या मुलावर किती भार?

वयात अंतर असलेल्या भावंडांच्या घरात हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. आई स्वयंपाकात, बाबा कामावर, मग धाकट्याला कोण बघणार? ताई. मुलगा थोरला असला तर त्याला क्लासला सोडलं जातं, मुलगी थोरली असली तर तिला थांबवलं जातं, हेही सर्रास दिसतं.

थोरल्यांनी मदत करू नये असं नाही. धाकट्याला गोष्ट वाचून दाखवणारी ताई स्वतःही शिकते. विशेषतः ज्या घरात थोरली मराठी माध्यमातून शिकली आणि धाकटा इंग्रजी माध्यमात आहे, तिथं तिनं रोज दहा मिनिटं मराठी पुस्तक मोठ्यानं वाचलं तर धाकट्याच्या कानावर आपली भाषा पडते आणि तिचं वाचन पक्कं होतं. कन्नडच्या बाबतीत तर अनेक घरांत आई-बाबांपेक्षा थोरल्यालाच जास्त येतं. हैदराबादेत तेलुगूचं आणि वडोदऱ्यात गुजरातीचं असंच होतं. तिथं थोरला हाच शिकवणारा.

पण मदत कुठं संपते आणि जबाबदारी कुठं सुरू होते, हे ठरवून घ्यायला हवं. त्यासाठी चार साधे निकष :

- कामाला सुरुवात आणि शेवट असावा. "सात ते सव्वासात त्याचं कन्नड घे" ही मदत. "त्याच्याकडे लक्ष ठेव" हे न संपणारं काम.
- धाकट्याच्या चुकीबद्दल थोरल्याला रागावू नये. तो पडला, त्यानं सांडलं, तर "तू काय करत होतीस?" हा प्रश्न तिला नको.
- मुलगा-मुलगी भेद नको. भांडी, डबा आणि धाकट्याचं भरवणं आळीपाळीनं.
- एसएसएलसी आणि पीयूसीच्या परीक्षेआधीचे दोन महिने ही मदत थांबवावी, आणि तसं घरात सगळ्यांना सांगून टाकावं.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दप्तर धोरणातच नववी ते बारावीला रोज दोन तासांपर्यंत गृहपाठ धरला आहे. शाळा, क्लास, येणं-जाणं आणि आठ तास झोप वजा केली तर दहावीतल्या मुलीच्या हातात दिवसाचे फार थोडे तास उरतात. त्यातला रोजचा दीड तास धाकट्याला सांभाळण्यात गेला तर त्याची किंमत निकालात दिसते. आणि निकालानंतर पुढं कुठं शिकायचं ते त्यावरच ठरतं.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. थोरला मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की धाकट्याला शाळेत सोडायला त्याच्या हातात गाडी दिली जाते. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. वीस मिनिटं वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये.

आईच्या डोक्यातलं भिंतीवर आणा

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो असं आढळलं. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ 88 मिनिटं. मुलांची आणि वडीलधाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांत हाच आकडा स्त्रियांसाठी 137 आणि पुरुषांसाठी 75 मिनिटं आहे. शिवाय ज्यांनी ही कामं त्या दिवशी केलीच नाहीत ते या सरासरीत मोजलेले नाहीत.

या मिनिटांत एक काम येतच नाही, ते म्हणजे लक्षात ठेवणं. लसीची तारीख, फीचा हप्ता, गॅदरिंगला लागणारा पांढरा सदरा, गुरुवारी चित्रकलेची वही. हे सगळं बहुतेक घरांत एकाच डोक्यात असतं. ती आजारी पडली की घर थांबतं, आणि ती बरी असली तरी "मला आधी सांगायचंस ना" हे ऐकून घेते.

उपाय घरातच टांगलेला आहे. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा हिशेब आणि गॅसचा नंबर लिहायची सवय आहेच. त्याच चौकोनांत प्रत्येक मुलासाठी एक रंग ठरवून शाळेच्या तारखा लिहाव्यात. मात्र छापील सुट्ट्यांवर विसंबू नये. सुट्ट्या आपापल्या शाळेच्या पत्रकातूनच उतरवाव्यात, कारण राज्य बदललं की त्या बदलतात. कॅलेंडर मुलांच्याही नजरेच्या उंचीवर टांगावं, म्हणजे मधला स्वतःच विचारू लागतो, "उद्या माझी सहल ना?"

व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळं. तीन मुलांचे तीन वर्ग म्हणजे तीन ग्रुप, शिवाय रिक्षामामांचा आणि क्लासचा. बहुतेक वेळा आईच सगळ्यांत असते. ग्रुप वाटून घ्यावेत. ज्या मुलाचा ग्रुप बाबांकडे, त्याच्या शाळेचं सगळं बाबांकडे : सूचना वाचणं, कॅलेंडरवर लिहिणं, पालक सभेला जाणं. सूचना वाचून आईला पाठवून देणं म्हणजे वाटणी झाली नाही.

क्लास किती लावायचे?

तबला, कराटे, अबॅकस, ट्यूशन. प्रत्येक क्लास वेगळा पाहिला तर चांगलाच असतो. अडचण ने-आण करण्यात असते. तीन मुलांचे प्रत्येकी दोन क्लास म्हणजे आठवड्याला दहा-बारा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत धाकट्याला कडेवर घेऊन जाणं. म्हणून नियम साधा ठेवावा. अभ्यासाव्यतिरिक्त एका वेळी एका मुलाचा एक क्लास, आणि तो चालत जाण्याच्या अंतरावर किंवा भावंडाच्या क्लासच्या वेळेलाच. आठवड्यात किमान दोन संध्याकाळी कुठलाही क्लास नसावा. गल्लीत खेळणं हाही कार्यक्रमच आहे, आणि त्यात लहान-मोठी सगळी भावंडं एकदम मावतात.

आजी-आजोबा आणि मे महिना

आजी घरात असेल तर वेळापत्रक अर्धं सुटतं, पण तिलाही विचारून ठरवावं. गुडघे दुखणाऱ्या आजीला दोन वर्षांच्या नातवामागं पळायला लावणं आणि शुभंकरोतीनंतर गोष्ट सांगायला बसवणं, यात फरक आहे. पळापळीची कामं तरुणांकडे आणि बसून करायची आजी-आजोबांकडे, अशी विभागणी टिकते.

आजी सीमेपलीकडे असेल तर तिच्या येण्याचे आठवडे आधी ठरवून घ्यावेत : परीक्षेचा महिना, पावसाळ्यातलं आजारपण, सुगी. महाराष्ट्राच्या एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. या सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, त्यामुळे तिकीट काढताना हद्दीपुढच्या भाड्याचं विचारून घ्यावं.

मामाच्या गावाला जायचं तर कॅलेंडर एकच उत्तर देतं. कर्नाटकची सुट्टी एप्रिल-मे, महाराष्ट्राची मे ते जूनचा मध्य, गोव्याची मे. सगळ्यांचा समान महिना मे. त्यातले आठ-दहा दिवस मार्चआधीच दोन्हीकडच्या घरांनी ठरवून टाकले तर लग्नाच्या तारखांत ते वाहून जात नाहीत. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या माध्यमात शिकणाऱ्या मावस-मामेभावंडांशी मुलं मनसोक्त मराठी बोलतात ती बहुधा याच दिवसांत. दहावी-बारावीचं वर्ष सुरू होणार म्हणून थोरल्याला या दहा दिवसांतून वगळायची घाई करू नये.

घडी विस्कटली तर?

ती विस्कटणारच. एकाला ताप आला, पाहुणे आले, गणपतीचे दिवस आले की कागद बाजूला पडतो. अशा वेळी तीनच गोष्टी धराव्यात : झोपेची वेळ अर्ध्या तासाहून जास्त हलू द्यायची नाही, दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, आणि परीक्षा असलेल्या मुलाची शांत जागा मोडायची नाही. बाकी सगळं चार दिवस सुटलं तरी बिघडत नाही.

सुरुवात करायची असेल तर पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी कॅलेंडरखाली बसावं. येत्या आठवड्यात कुणाचं काय आहे ते प्रत्येकानं स्वतः सांगायचं, धाकट्यानंही. कोण कुणाला सोडणार, कोण आणणार, कुणाच्या परीक्षेमुळे टीव्ही बंद, हे तिथंच लिहून टाकायचं. पहिल्या रविवारी गोंगाट होईल, दुसऱ्या रविवारी कुणीतरी विसरेल. महिनाभर चिकाटीनं केलं की शनिवारी सकाळी "माझी वही कुठाय?" असं मुलं आईला विचारत नाहीत. वही दप्तरात असते, आणि ती कुणी भरली हेही कागदावर लिहिलेलं असतं.